पोपड्याच्या पाठीवरचा चुना

फ्लॅटची किल्ली हातात आली त्या संध्याकाळी बायकोने बेडरूमच्या भिंतीवर सहज नख मारलं आणि तळहाताएवढा पोपडा सुटून तिच्या पायावर पडला. डोंबिवलीतली १९८४ सालची इमारत, तिसरा मजला, आमच्या आधी दोन कुटुंबं राहून गेलेली. रंगकामाचं कंत्राट दिलं तर किती, हे विचारून झालं होतं. आकडा ऐकून ‘आपणच करू’ हेही ठरलं होतं. मी तो पोपडा उचलून खिडकीपाशी नेला. कडेने पाहिलं तर चिरोट्यासारखे पापुद्रे: वर क्रीम, त्याखाली पिस्ता, मग फिकट गुलाबी, आणि सगळ्यात आत निळसर झाक असलेला पांढरा. पाठीवरून बोट फिरवलं तर बोट पांढरं झालं.

मुरलेला रंगारी त्या पांढऱ्या बोटावरून भिंतीचं दुखणं ओळखतो. मला तीन रविवार लागले.

पोपडा नीट बघा. क्रीम रंग शाबूत आहे, पिस्ता त्याला घट्ट धरून आहे. तुटलंय ते सगळ्यात आतल्या चुन्यात: अर्धा चुना भिंतीवर राहिला, अर्धा पोपड्याच्या पाठीवर आला. तळमजल्यावर एक निवृत्त रंगारी काका राहतात, त्यांना दाखवला. ते म्हणाले, “रंग भिंतीला कुठे चिकटतो? तो आधीच्या रंगाला चिकटतो. आणि लावायला काय, कुणीही लावेल. खरवडतो कोण?”

चुन्याची गोष्ट खरं तर मोठी देखणी आहे. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यात पाणी ओतलं की तो खदखदतो, फुगतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाखाच्या कुंच्याने भिंतीवर फासला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड भाजायचा, पातळ करायचा आणि भिंतीवर त्याचा परत दगड करायचा. मात्र ही देवाणघेवाण होते ती थरात ओल असेपर्यंतच. तापलेल्या कोरड्या भिंतीने पाणी पटकन पिऊन टाकलं की काम अर्ध्यावर राहतं आणि दगडाऐवजी भुकटी उरते. आमच्या भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी चुना लावला, तो असा. (दोन्ही अर्थांनी.)

दिवाळीआधी घराला चुना मारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना एक गंमत आठवेल. कुंचा फिरत असताना भिंत नुसती ओली दिसते, खाली काय आहे ते सगळं दिसतं. मारणाऱ्याने फसवलं की काय असं वाटतं. तासाभराने बघावं तर पांढरीशुभ्र. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना थोडा परत फिरतो, आणि दोन्ही पदार्थांच्या अपवर्तनांकांत (प्रकाश त्या पदार्थात शिरताना किती वळतो याचा आकडा) जितका फरक जास्त तितका जास्त फिरतो. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक १.६ च्या आसपास, पाण्याचा १.३३, हवेचा जवळजवळ १. कणांमध्ये पाणी असताना फरक कमी, म्हणून प्रकाश आरपार जातो. पाणी जाऊन तिथे हवा आली की प्रकाश कणाकणावरून उधळला जातो आणि भिंत पांढरी दिसते. पांढरेपणातला बराचसा वाटा त्या मधल्या हवेचा!

आजच्या रंगांत कणांमधली जागा रेझिनने, म्हणजे कणांना बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाने, भरलेली असते आणि त्याचा अपवर्तनांक असतो १.५ च्या आसपास. त्यात खडूची पूड घातली तर ती जवळपास दिसेनाशीच होईल. म्हणून लागतो टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक २.७, हिऱ्याच्याही वर. हे टायटॅनियम येतं इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजातून. १७९१ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका ओढ्यातल्या काळ्या वाळूत विल्यम ग्रेगर या पाद्र्याला हे मूलद्रव्य पहिल्यांदा सापडलं. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर अशी वाळू आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडच्या पुळणीवर ओहोटीनंतर काळे पट्टे उमटतात, त्यांतही इल्मेनाइट असतं. पांढऱ्या रंगाचा कच्चा माल काळाकुट्ट असावा, हे मला अजून पचत नाही.

पोपड्यातली निळसर झाक होती निळीची. चुन्याचा मळकट पिवळेपणा मारायला त्यात चिमूटभर नीळ घालत, पांढऱ्या कपड्यांना घालतो तशीच. नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढत आणि तो भयंकर महाग असे. कारखान्यात तो स्वस्तात बनवल्याबद्दल ज्याँ-बाप्तिस्त गिमे यांना १८२८ मध्ये फ्रान्समध्ये ६,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. चुन्यासारख्या तिखट अल्कलीत बरेच निळे रंग मरतात, नीळ टिकते. आम्ल मात्र तिला सोसत नाही. पोपड्यावर लिंबू पिळून बघितलं: चुना फसफसला, आणि निळी झाक माझ्या डोळ्यांदेखत गेली.

गुलाबी थराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते डिस्टेंपर, म्हणजे खडू आणि थोडा डिंकासारखा बांधणारा पदार्थ. ओलं फडकं फिरवलं तर फडक्यावर येतं.

खरा पेच पुढच्या दोन थरांत, म्हणजे पिस्ता आणि क्रीम या प्लास्टिक इमल्शनच्या थरांत आहे. प्लास्टिक इमल्शन हे दुधाच्या जातीचं. पाण्यात पॉलिमरचे गोळे तरंगत असतात, एकेक गोळा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. पाणी उडतं तसे गोळे एकमेकांना खेटतात, दबतात, आणि त्यांचे लांबलचक रेणू शेजारच्या गोळ्यात शिरून गुंततात. त्याची सलग कातडी होते आणि ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पण वाळताना ही कातडी आक्रसते, म्हणजे खालच्या थराला ओढते. खाली पक्का गिलावा असेल तर काही बिघडत नाही. खाली चुन्याची भुकटी असेल तर जितका भारी, जितका चिवट रंग वर लावाल तितकी ओढ जास्त. आधीच्या मालकांनी दोनदा चांगला रंग लावला. त्यांचं चुकलं ते रंगात नव्हे, खरवडण्यात.

भिंत तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काळं फडकं घासा. पांढरं झालं तर भुकटी आहे. रुंद चिकटपट्टी दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर तिथे वर काहीही लावण्यात अर्थ नाही. आमच्या बेडरूमच्या चारपैकी तीन भिंती नापास झाल्या. मग पाणी मारायचं, अर्धा तास मुरू द्यायचं आणि खरवडायचा पत्रा घेऊन शिडीच्या घोड्यावर चढायचं. दोन दिवसांत चुन्याचा कण न् कण निघाला. उजव्या खांद्याबद्दल बोलत नाही.

पश्चिमेच्या भिंतीला वेगळं दुखणं होतं: लोणा. कापसासारखी पांढरी मिशी फुटलेली. बाहेरच्या भेगेतून पावसाचं पाणी शिरतं, विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवत आतल्या पृष्ठभागावर येतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. त्यातलं सोडियम सल्फेट फार खोडकर. कोरडं असताना त्याच्या रेणूला पाणी नसतं. हवा दमट आणि तापमान ३२ अंशांच्या खाली असेल तर एकेक रेणू पाण्याचे दहा रेणू धरून बसतो आणि स्फटिकाचं आकारमान चौपटीच्या आसपास जातं. हे गिलाव्याच्या बारीक छिद्रांत वारंवार घडलं की गिलावाच फुटतो. अशा भिंतीवर ‘वॉटरप्रूफ’ रंग आतून थापणं म्हणजे क्षारांना रंगामागे कोंडणं. आधी बाहेरची भेग बुजवायची, भिंत महिना-दोन महिने वाळू द्यायची, लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो. आम्ही ती भिंत तशीच सोडली आणि कपाट दुसरीकडे लावलं.

दारं, खिडक्यांचे गज आणि स्वयंपाकघरातला छातीपर्यंतचा ऑइल पेंटचा पट्टा, इथे मात्र मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. जुन्या ऑइल पेंटात, विशेषतः पिवळ्या, केशरी, हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता दाट. आपल्याला शिशाच्या रंगाची ओळख जुनी आहे: पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइडच, आणि तेच लोखंडावर गंज अडवायला पहिला हात म्हणून मारत. वर्षानुवर्षं थरावर थर चढले की काय होतं हे सप्तशृंगी गडावर दिसलं. २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप काढला तेव्हा आतलं मूळ रूप समोर आलं.

घरातल्या रंगांतल्या शिशावर भारतात कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, अंमल १ नोव्हेंबर २०१७ पासून: दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीचं दार संशयितच धरावं. रंग दारावर शाबूत आहे तोवर फारसं बिघडत नाही. कोरडं घासलं की त्याची धूळ होते, ती जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताने तोंडात जाते. शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही, मुलांच्या मेंदूसाठी तर नाहीच. म्हणून ओलं करूनच घासायचं, मास्क लावायचा, फरशी झाडायची नाही तर ओल्या फडक्याने पुसायची, आणि लहान मुलांना त्या दिवशी आजीकडे धाडायचं.

ऑइल पेंट ‘वाळतो’ हा शब्दही फसवा. टर्पेंटाइन उडून जातं ते ठीक, पण घट्टपणा येतो तो तेलाने हवेतला ऑक्सिजन घेतल्यामुळे. जवसाच्या तेलाचं वजन वाळताना चक्क वाढतं. या क्रियेत उष्णता निघते. भिंतीवर ती निसटून जाते, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर आत साठत जाते. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियातल्या ३८ मजली ‘वन मेरिडियन प्लाझा’मध्ये अशाच चिंध्यांनी आग लागली आणि तीन अग्निशामक जवान गेले. दाराला जवसाचं तेल चोळलं तर फडकी दोरीवर मोकळी पसरा किंवा पाण्यात बुडवा. चटणीतल्या जवसावर मी कधी संशय घेतला नव्हता.

एवढं झाल्यावर लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर, आणि मग कुठे रंग. एक लिटर रंग दहा चौरस मीटरवर पसरला तर ओला थर होतो मिलिमीटरचा दहावा भाग. पाणी गेल्यावर उरतो त्याचा तिसरा हिस्सा, केसाहूनही बारीक. तो डाग झाकेल, खड्डा कसा झाकेल? मोबाइलची टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या भिंतीवर चंद्रासारखे खळगे दिसतात. ते प्रायमरच्या आधी बघायचे, नंतर नाही. मी नंतर बघितले.

रोलर फिरवताना मात्र मजा येते. रंगात घातलेला दाटपणा असा असतो की डब्यात दही, रोलरखाली ताक, भिंतीवर पुन्हा दही. दाब असताना लांब रेणू एका दिशेने सरळ होतात आणि रंग वाहतो. दाब सुटला की ते गुंततात आणि ओघळ थांबतो. त्याला उगाच जास्त पाणी घालून आपण तो गुण मारतो. पहिल्या भिंतीवरचे दोन ओघळ अजून आहेत, त्यांच्यावर कॅलेंडर आहे.

छटा आम्ही दुकानात निवडली: अगदी फिकट, हिरवट मोतिया. बाकीच्या भिंतींना दुसरा हात झाला, दुपारचं ऊन खोलीत आलं आणि भिंती सरळ हिरव्या झाल्या. समजा हा रंग हिरव्या प्रकाशाचा ८० टक्के भाग परत पाठवतो आणि तांबड्याचा ७०. शेडकार्डावर प्रकाश एकदाच आपटतो. खोलीत तो या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो: दोन टप्प्यांनंतर ६४ आणि ४९, तीन टप्प्यांनंतर ५१ आणि ३४. दर टप्प्याला हिरवा वरचढ. म्हणून कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन घरं फिकट घ्यावी, असं रंगारी काका म्हणाले. डबे संपल्यावर म्हणाले.

बायकोने खणातून तो पहिला पोपडा काढला. वरचा क्रीम थर नखाने सोलला आणि खालचा तुकडा नव्या भिंतीला लावून धरला. कुठे पोपडा संपतो आणि कुठे भिंत सुरू होते ते दारातून सांगता येत नव्हतं. “पिस्ता,” ती म्हणाली.