डबल फ्लेअर की बबल फ्लेअर? आधी भोकात डोकावा

जुन्या गाडीचा गंजलेला ब्रेक पाइप काढून नवा स्वतः बनवायचा, तर कापणे आणि वाकवणे हात बसला की जमते. घोटाळा होतो तो टोकापाशी. त्याच 4.75 मिमी पाइपाला दोन तऱ्हांचे फ्लेअर (जोडासाठी फुलवलेले टोक) करता येतात, नटही वरवर सारखेच दिसतात, आणि एकाच्या जागी दुसरा बसवला की आज ना उद्या ब्रेक ऑइल झिरपणार.

डबल फ्लेअरमध्ये पाइपाची कड आत दुमडून 45 अंशांचे नरसाळे केलेले असते, त्यामुळे तिथे धातूचा थर दुहेरी होतो. नट ज्यात आवळतो त्या भोकाच्या तळाशी, म्हणजे फ्लेअर टेकतो त्या सीटवर, वर आलेला शंकू असतो. नरसाळे त्याच्यावर बसते आणि नटाचे उतरते तोंड मागून दाबते. बबल फ्लेअरमध्ये कड आत दुमडलेली नसते, टोकाला नुसता गोल फुगवटा असतो. त्याची सीट खोलगट आणि नटाचे तोंड सपाट.

गोंधळाचे एक कारण हत्यारातच आहे. डबल फ्लेअर दोन टप्प्यांत होतो आणि पहिल्या टप्प्यानंतर टोक हुबेहूब बबलसारखे दिसते. मग काहींना वाटते, इथेच थांबले की झाला बबल फ्लेअर! तसे नाही. पाइप पकडणाऱ्या 45 अंशांच्या पट्टीत केलेल्या त्या फुगवट्याची पाठ उतरती राहते, तिच्यावर सपाट तोंडाचा नट नीट टेकत नाही. बबलसाठी वेगळी डाय (साचा) लागते.

दुसरे कारण आटे. जुन्या अमेरिकन गाड्यांत बहुधा 3/8 इंच, इंचाला 24 आट्यांचा नट आणि डबल फ्लेअर. युरोपीय गाड्यांत बहुतेक एम 10 × 1 (व्यास 10 मिमी, दोन आट्यांतले अंतर म्हणजे पिच 1 मिमी) आणि बबल. पण जपानी गाड्यांत एम 10 × 1 असूनही फ्लेअर डबलच असतो. म्हणजे आट्यांवरून फ्लेअर ठरवायला गेलात की फसलात. त्यात 3/8 इंच म्हणजे 9.525 मिमी, आणि पिच 1.058 मिमी, असा नट एम 10 च्या भोकात सैलसर फिरतो, आणि आवळताना किंवा दाब आल्यावर आटे सोलतो. जुन्या पाइपाचे टोकही पूर्ण भरवशाचे नाही, आधीच्या मिस्त्रीने काय केले असेल सांगता येत नाही. टॉर्च मारून भोकातली सीटच पाहा: शंकू वर आलेला की खोलगा?

साधा एकेरी फ्लेअर ब्रेकला अजिबात नको, त्याची कड तडकते. पाइप निवडताना शुद्ध तांबेही टाळा. थरथरीने ते कडक होऊन चिरते. तांबे-निकेलचा पाइप गंजत नाही आणि हाताने वळतो.

पाइप कटरनेच कापा, आतली-बाहेरची धार काढा, कीस फुंकून टाका, आणि फ्लेअर करण्याआधी नट पाइपात ओवून ठेवा. टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळू नये. इथे गळती आटे थांबवत नाहीत, धातूवर धातू बसून ती थांबते. नट एकदा आवळून, सैल करून पुन्हा आवळला की फ्लेअर सीटवर नीट बसतो. ब्रेक ऑइलमधली हवा काढून झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायला सांगा.