दोन वाक्यांमधलं तिसरं वाक्य

ग्रामीण मुलांना वाचता, गणित करता येतं का हे पाहणाऱ्या 'असर' या पाहणीचा अहवाल आला की वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा झळकतो: पाचवीच्या अमुक टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. काळजी रास्तच आहे. पण त्या चाचणीत मुलाकडून अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट मोठ्यानं वाचून घेतात. ज्यानं गोष्ट खडाखडा वाचली त्याला तिच्यात काय कशामुळे घडलं हे कळलं का, हा पुढचा प्रश्न आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' या शब्दांखाली मुलांकडून रेघा मारून घेणं. पण पुष्कळदा मजकुरात हे शब्द नसतातच. "पाऊस थांबेना. शाळा लवकर सुटली." यात 'म्हणून' कुठेच नाही, तरी वाचणारा तो लावूनच वाचतो.

कसा लावतो, हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मरे सिंगर यांनी १९९२ साली सहकाऱ्यांबरोबर फार सुंदर रीतीनं तपासलं. त्यांच्या प्रयोगातली एक जोडी अशी: "डोरोथीनं बादलीभर पाणी शेकोटीवर ओतलं. आग विझली." तिचंच दुसरं रूप: "डोरोथीनं पाण्याची बादली शेकोटीजवळ ठेवली. आग विझली." वाचून झालं की लगेच प्रश्न यायचा: पाण्यानं आग विझते का? उत्तर कुणालाही ठाऊक असतं. तरीही पहिलं रूप वाचलेल्यांचं 'हो' लवकर यायचं. फरक सेकंदाच्या अंशाचा, पण तो होता.

इथे जरा थांबून बघा. पाणी, बादली, शेकोटी, विझणं हे सगळं दोन्ही रूपांत आहे, म्हणजे नुसते शब्द कानावर पडल्यानं हे घडलेलं नाही. फरक एवढाच, की पहिल्या रूपात ओतण्यामुळे विझणं असा संबंध जोडता येतो. तो जोडण्यासाठी वाचकाच्या मनानं "पाण्यानं आग विझते" हे न छापलेलं वाक्य स्मरणातून आधीच बाहेर काढलेलं होतं, म्हणून प्रश्न येताच उत्तर तयार. न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, ज्याला व्याप्ती म्हणतं तीच ही. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान "जिथे धूर तिथे आग" या नियमावर उभं असतं. नैयायिक तो नियम उघड मांडायला लावतात. वाचताना मन तो गुपचूप वापरतं आणि त्याच्याशी पडताळून जोडणी पक्की करतं. म्हणजे कार्यकारणभाव कागदावर अर्धाच असतो, उरलेला वाचकाच्या साठ्यातून येतो.

साठ्यात चुकीचा नियम असेल तरी यंत्रणा तितक्याच सफाईनं चालते. "तिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली. बाळ फाटक्या ओठाचं जन्मलं." दोन्ही वाक्यं सुटी सुटी खरी असू शकतात. ज्याच्या मनात ग्रहणाचा नियम घरच्यांनी लहानपणीच भरलाय, त्याला मधलं वाक्य चटकन सापडतं, पडताळाही जुळतो आणि दोष त्या आईच्या माथी बसतो. वरचा ओठ गर्भाच्या चेहऱ्याचे भाग एकमेकांना जुळून बनतो, आणि हे काम साधारण गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकतं. पाचव्या महिन्यात आलेल्या ग्रहणाला बिघडवायला काही उरलेलंच नसतं! "कॉफी पिणारे जास्त जगतात" छापाच्या बातम्याही ही मधली जागा मुद्दाम मोकळी सोडतात. ते कॉफीमुळे जास्त जगतात, असं बातमी म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

मग लिहिणाऱ्यानं प्रत्येक दुवा छापूनच टाकावा का? तसंही नाही. जॅनिस कीनन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एकच वाक्य, "दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगभर काळेनिळे डाग होते", चार वेगवेगळ्या वाक्यांपुढे ठेवलं. "मोठ्या भावानं जोईला पुन्हा पुन्हा ठोसे मारले" यापुढे ते सर्वांत झटकन वाचलं गेलं, "जोई शेजारी खेळायला गेला" यापुढे सर्वांत सावकाश. लक्षात मात्र मधल्या, म्हणजे संबंध ना अगदी उघड ना फार दूरचा अशा जोड्या जास्त राहिल्या, उदाहरणार्थ सायकलवरून पडल्याची. थोडं काम स्वतः करावं लागलं की दुवा रुजतो. फार करावं लागलं की तो जुळतच नाही.

थोडं म्हणजे किती, हे वाचकावर अवलंबून. मॅकनमारा, किंच आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हृदयविकारावरचा मजकूर शाळकरी मुलांना दिला. विषयाची माहिती कमी असलेल्यांना सगळे दुवे भरलेला मजकूर उपयोगी पडला. ज्यांना आधीच बरंच ठाऊक होतं, त्यांची खोल समज मात्र दुवे गाळलेल्या मजकुरानं वाढली.

आपली गाईडं नेमकी उलटी चालतात. नवख्या मुलासाठी लिहिलेलं उत्तर असतं: "माठाला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यामुळे पाणी थंड राहतं." 'त्यामुळे' आहे, पण छिद्रांचा आणि गारव्याचा संबंध जोडणारा नियम मुलाच्या साठ्यात नाही, म्हणून ते घोकतं. इथे प्रत्येक पायरी लिहायलाच हवी. छिद्रांतून पाणी पाझरतं, माठाच्या अंगावर पसरतं, तिथून त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता माठातून व आतल्या पाण्यातून ओढली जाते. उकळत्या पाण्यासाठी पुस्तकात ग्रॅमला ५४० कॅलरींचा आकडा असतो. नेहमीच्या तापमानाला तो ५८०च्या आसपास जातो. म्हणजे जेमतेम १ ग्रॅम पाणी उडालं तरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी १ अंशानं गार होण्याइतकी उष्णता निघून जाते.

मुलाला हे उमगलंय का, हे बघायचं तर एक पायरी बदलून विचारावं: मे महिन्यात माठातलं पाणी नागपुरात चांगलं गार होतं, मुंबईत तितकं का होत नाही? घोकलेल्या उत्तरात छिद्रं दोन्हीकडे सारखीच आहेत. पायऱ्या समजलेलं मूल तिसऱ्या पायरीपाशी थांबेल आणि म्हणेल, मुंबईच्या हवेत आधीच बाष्प भरपूर असतं, अंगावरचं पाणी उडायला वेळ लागतो.