आठवी पास नाही, म्हणून ट्रकचा परवाना नाही?

‘आठवीचा दाखला नसेल तर ट्रक किंवा बस चालवण्याचा परवाना मिळत नाही’ हा समज एके काळी खरा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 8 नुसार व्यावसायिक वाहनाच्या चालकासाठी तशी अट होती. मात्र हरियाणा सरकारने मेवात भागातील कुशल पण अल्पशिक्षित चालकांची अडचण मांडल्यानंतर केंद्राने 2019 मध्ये ती रद्द केली. अर्थात शाळेचा दाखला लागत नाही, म्हणजे शिकावेच लागत नाही असे नव्हे. वयाची 20 वर्षे पूर्ण असणे, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जवळ असणे, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला आजही आवश्यक आहेत. नोकरी देणारी संस्था स्वतःची शैक्षणिक अट घालू शकते, पण तो परवान्याचा नियम नव्हे.