कुटुंबातील काळजीवाहकांना आधार

पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, पसरलेला कर्करोग, मणक्याची इजा अशा दुखण्यात परावलंबी झालेल्या रुग्णाचे घरी सगळे करणाऱ्या नातेवाइकाला प्रशिक्षण, विसावा, मानसिक आणि आर्थिक साहाय्य देण्याची व्यवस्था. ही व्यक्ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. तिला पगार नसतो, सुटी नसते आणि हे काम तिला कोणी शिकवलेले नसते. डिस्चार्जच्या वेळी औषधांचा कागद हाती पडतो. कूस कशी बदलायची, हे मात्र अनेकदा कोणी दाखवत नाही. आधाराची सुरुवात तिथेच व्हायला हवी.

घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने प्रत्येक कृती करून दाखवावी आणि मग काळजीवाहकाकडून आपल्यासमोर करून घ्यावी. कूस साधारण दर 2 तासांनी बदलतात. रुग्णाला पूर्ण कुशीवर न वळवता 30 अंश कलवून पाठीशी उशी लावतात. पोटऱ्यांखाली दुसरी उशी ठेवली की टाचा अधांतरी राहतात. त्वचेचा लाल भाग बोटाने दाबूनही फिकट होत नसेल, तर तो बेडसोअरची (सतत दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजावा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून तिथे ऊब आणि कडकपणा हाताने तपासावा. असा भाग चोळू नये. चोळल्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. एअर बेड आणला की घरचे कूस बदलणे सोडून देतात आणि माकडहाडाजवळ जखम होते. गादी दाब विभागते, नाहीसा करत नाही.

नाकातल्या नळीने आहार देताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी. एका वेळी 200 ते 250 मिली, हळूहळू. त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये, नाहीतर पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. नळीवरची खूण नाकपुडीपासून सरकलेली दिसली, तर काहीही न देता परिचारिकेला बोलवावे. नळी बहुतेक वेळा गोळ्यांच्या जाडसर पुडीने तुंबते. गोळी बारीक वाटून पाण्यात विरघळवावी आणि आधी व नंतर 30 मिली पाणी सोडावे. कोणत्या गोळ्या वाटायच्या नाहीत, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

काळजीवाहकाची पाठ लवकर जाते. रुग्णाला काखेत धरून वर ओढल्याने तिच्या कमरेवर ताण येतो आणि पक्षाघात झालेल्या रुग्णाचा खांदाही सांध्यातून सरकू शकतो. त्याऐवजी खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी चादर दुमडून अंगाखाली घालावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून सरकवावे. खाट कमरेच्या उंचीची असावी. नसेल तर पायांखाली भक्कम ठोकळे लावावेत.

त्याहून मोठा प्रश्न तिच्या झोपेचा. कर्करोगाच्या वेदनांसाठी तोंडावाटे घ्यायचे साधे मॉर्फिन दर 4 तासांनी असते. झोपताना दुप्पट मात्रा देऊन मध्यरात्रीची टाळता येते का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे, पण स्वतःच्या मनाने करू नये. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून रेचक लागते. ते राहिले, तर बद्धकोष्ठाचा त्रास रुग्णाला आणि निस्तरण्याचे काम तिला.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे नातेवाईक खूप असतात. बुधवारी 4 ते 7 मी बसतो, असे सांगणारा खरा उपयोगी. बदली माणसासाठी औषधांच्या वेळा, आहार, शेवटची कूस कधी बदलली ते आणि डॉक्टरांचा क्रमांक एका कागदावर लिहून खाटेशी लावावा. रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा मामा 12 तासांच्या पाळीवर येतात. सगळेच प्रशिक्षित नसतात, म्हणून पहिले दोन-तीन दिवस घरच्या माणसाने सोबत राहावे. खाट, कमोड खुर्ची, व्हीलचेअर अनामत ठेवून देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आहेत. विकत घेण्याआधी तिथे चौकशी करावी.

काळजीवाहकाचा ताण मोजण्यासाठी झॅरिट प्रश्नावली वापरतात : 22 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4 गुण, कमाल 88. रुग्णासमोर ती भरून घेऊ नये. खरी उत्तरे मिळत नाहीत.

केरळात मलप्पुरम आणि परिसरात प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघरी जाऊन ही मदत करतात. 2008 मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारले. मुंबईत 1986 पासून शांती आवेदना सदन, तर पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्ला उपशामक केंद्र कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये बिनपगारी कुटुंबीयही ‘काळजीवाहक’ धरले आहेत; काळजीवाहक भत्त्याची तरतूद मात्र जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांपुरती आहे. मानसिक त्रासासाठी टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416, तर ज्येष्ठांसंबंधी माहितीसाठी 14567 हा क्रमांक आहे.

रुग्ण गेल्यानंतरही उपशामक पथकाने घरी एक-दोन भेटी द्याव्यात : झोप लागते का, जेवण जाते का, तिचे स्वतःचे रक्तदाब-मधुमेहाचे थांबलेले उपचार पुन्हा सुरू झाले का, हे पाहावे आणि उरलेले मॉर्फिन परत घ्यावे.