पार्श्वभूमी : निळी लिंक, केशरी बटण आणि फिकट ‘नको’

निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे घाई, हिरवा म्हणजे बिनधास्त पुढे चला. वेबसाइट करून घ्यायला येणारा क्लायंट हल्ली हे पाठ करूनच येतो. रंगांचा मनावर परिणाम होतो, ही कल्पना जुनीच आहे. एका जर्मन कवीने १८१० साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहून ठेवला. वेबवर मात्र रंगांची निवड सुरू झाली ती मनाचा विचार करून नव्हे, तर मॉनिटरला काय झेपते ते पाहून.

१९९३ मध्ये आलेल्या आणि घरोघरी पोचलेल्या ब्राउझरमध्ये पान राखाडी, अक्षरे काळी आणि लिंक निळी, खाली रेघ ओढलेली. राखाडीवर गडद निळा नीट वाचता येतो आणि काळ्यापासून वेगळाही ओळखू येतो. तेवढ्यावर काम भागले. निळ्याचे ‘विश्वासार्ह’पण नंतर जोडले गेले, बारसे झाल्यावर नावाचा अर्थ शोधावा तसे.

त्या काळच्या बहुतेक पडद्यांवर एका वेळी २५६च रंग दिसत. त्यातले काही ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःकडे ठेवून घेई. सगळीकडे सारखे दिसतील असे २१६ उरत. लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या सहा पायऱ्या, सहा गुणिले सहा गुणिले सहा. यापलीकडचा रंग वापरला की पडदा तो ठिपक्याठिपक्यांनी कसाबसा जुळवून दाखवी. तिरंग्यातला केशरी म्हणून आजही सर्रास वापरला जाणारा एफएफ९९३३ हा कोड (वेबवर रंग असा सहा अक्षर-आकड्यांत लिहितात : दोन लालसाठी, दोन हिरव्यासाठी, दोन निळ्यासाठी) याच २१६ मधला. पण झेंडूसारखा थोडा गडद भगवा हवा असेल, तर खालची पायरी थेट एफएफ६६३३, म्हणजे चांगलाच तांबूस. अधलेमधले काही नाही. मराठी साइट करणाऱ्याला एक तर फिका केशरी घ्यावा लागे, नाही तर लालसर.

पुढे पडदे सुधारले आणि १ कोटी ६७ लाख रंग हाताशी आले. निवडीला धरबंध राहिला नाही, तेव्हा ‘हाच रंग का?’ याला उत्तर देणारे लोकही लागले. २००९ मध्ये एका बलाढ्य सर्च कंपनीतला प्रमुख डिझायनर बाहेर पडला आणि जाता जाता त्याने लिहिले, की इथे दोन निळ्यांत निर्णय होईना म्हणून मधल्या ४१ छटा लोकांवर तपासून पाहिल्या जातात. त्याची तक्रार होती ती नजरेपेक्षा आकडा मोठा झाल्याची. २०१४ मध्ये त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सांगितले, की निळ्याच्या अशा चाचण्यांतून वर्षाला २० कोटी डॉलर जास्तीचे मिळाले. त्यानंतर डिझायनरची बाजू कुणी फारशी ऐकून घेतली नाही. मला ती आजही पटते, पण २० कोटींपुढे पटण्याला काय किंमत!

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो २०११ च्या बटण-चाचणीने. एका अमेरिकी मार्केटिंग कंपनीच्या पानावर बटण आधी हिरवे होते. निम्म्या लोकांना तेच दाखवले, निम्म्यांना लाल. लाल बटणावर २१ टक्के जास्त लोकांनी क्लिक केले. हा आकडा जगभर फिरला आणि ‘लाल विकतो’ असा नियमच होऊन बसला. आपल्याकडच्या एजन्सीही त्यात मागे नव्हत्या. पण मूळ लेखात आणखी बरेच काही होते. चाचणी सुमारे दोन हजार भेटींवर झालेली. त्या पानाचा लोगो हिरवा, चित्रांतही हिरवा. त्यामुळे हिरवे बटण त्या हिरव्यात मिसळून जात होते आणि लाल एकटेच उठून दिसत होते. तपासून पाहिल्याशिवाय आपले बटण लाल करू नका, अशी ताकीदही लिहिणाऱ्याने दिली होती. म्हणजे लाल जिंकला तो लाल म्हणून, की आजूबाजूला लाल नव्हता म्हणून? गर्दीत वेगळी असलेली वस्तू लक्षात राहते, हे मानसशास्त्रात १९३३ पासून नोंदलेले आहे. हेच पान तांबडे असते, तर कदाचित हिरव्याने बाजी मारली असती आणि आज सगळीकडे हिरवी बटणे दिसली असती. ‘रंग मानसशास्त्र’ या एका नावाखाली डोळ्यांना काय पटकन दिसते, आपण लहानपणापासून कोणत्या रंगाला काय मानत आलो आणि शेजारी कोणता रंग आहे, हे तीन वेगळे प्रश्न एकत्र कोंबले जातात. भांडणे बहुतेक त्यातूनच होतात.

आकड्यांना पाय कसे फुटतात, याचा आणखी एक नमुना. २००६ च्या एका शोधनिबंधाच्या सारांशात म्हटले आहे, की माणूस दीड मिनिटात मत बनवतो आणि त्यातले ६२ ते ९० टक्के मूल्यमापन केवळ रंगांवर होते. क्लायंटला दाखवायच्या पीपीटीत पोचेपर्यंत यातले ६२ गळाले, उरले नुसते ९०.

रंगांचे तयार तक्ते आले पाश्चात्त्य देशांतून. त्यांत काळा म्हणजे शोक. आपल्याकडेही एरवी काळा अशुभच, पण संक्रांतीला काळी साडी हवीच, आणि जानेवारीतल्या साडीविक्रीच्या पानावर काळा म्हणजे सण. चिनी शेअर बाजारात भाव वाढला की लाल, पडला की हिरवा. नवरात्रीचे नऊ रंग तर वारांवरून ठरतात : सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. एका मराठी दैनिकाने ते या शतकाच्या पहिल्या दशकात घरोघरी पोचवले. आता खरेदीच्या साइट त्यावर दुकान मांडतात.

वाचता येण्याचा प्रश्न मात्र उशिरा ऐरणीवर आला. २००८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक किमान ४.५ ला १ हवा. मघाच्याच एफएफ९९३३ वर पांढरी अक्षरे ठेवली, तर तो भरतो जेमतेम २.१. काळी ठेवली तर ९.९. तरी क्लायंटला पांढरीच हवी असतात, ‘फ्रेश दिसतं’ म्हणून. पाकिटांवरच्या मांसाहारी खुणेतला तपकिरी गोल काढून आता त्रिकोण केला आहे, तोही लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी. अ‍ॅपवाल्यांनी हे धडे उशिराच गिरवले.

गेल्या काही वर्षांतला वाद मात्र न दिसणाऱ्या रंगाचा आहे. ‘हो’ गडद आणि भरलेला, ‘नको’ पांढऱ्यावर फिकट राखाडी. अशा डावपेचांना २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव मिळाले. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यावर मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि १३ प्रकार ठरले. एक गोष्ट ठळक करून दुसरी झाकायची, हा त्यातलाच एक. जून २०२५ मध्ये खरेदीच्या साइटना तीन महिन्यांत स्वतःच तपासणी करायला सांगण्यात आले. कोणता राखाडी चालेल आणि कोणता नाही, याची पट्टी मात्र त्या सूचनांत नाही.