ऑइल वाढवलं म्हणजे मिश्रण ‘रिच’ झालं, असं नाही

होंडाची सीआर500 ही मोटोक्रॉस (मातीतल्या शर्यतीची) बाइक 2001च्या मॉडेलनंतर बंद झाली. तिची चेसिस शेवटपर्यंत स्टीलचीच राहिली, म्हणून अमेरिकेतले हौशी लोक तिचं 491 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन नव्या ॲल्युमिनियम चेसिसमध्ये बसवतात. अशी हायब्रिड गाडी असो की आपल्याकडची मातीत उतरवलेली आरएक्स100, सल्ला एकच मिळतो: ‘टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) जरा सढळ हाताने टाक, मिश्रण रिच राहील, इंजिन तापणार नाही.’

हे उलटं आहे. रिच-लीन ठरतं ते हवेत पेट्रोल किती, यावर: जास्त असेल तर रिच, कमी असेल तर लीन. लिटरभर पेट्रोलमागे 20 मिली ऑइल म्हणजे 50:1, आणि 50 मिली म्हणजे 20:1. कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या नळीचं, भोक मात्र तेवढंच. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं. शिवाय मिश्रण दाट झाल्याने वाहतंही कमी. म्हणजे इंजिन किंचित लीन होतं, आणि मुळातच काठावर असेल तर पिस्टन धरू (तापून सिलिंडरमध्ये अडकू) शकतो. धूर दिसतो म्हणून गडी निर्धास्त!

जास्त ऑइल वाईट असं नाही. सतत वरच्या आरपीएमवर पळवायची असेल तर 32:1 ठीकच. फक्त प्रमाण बदललं की जेटिंग (जेटचं माप) पुन्हा तपासा, प्लग काढून रंग बघा. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नका: पेट्रोलच पुरेसं आत जात नसेल तर त्यातलं ऑइल कुठून जाणार? क्लच दाबून अधूनमधून हलका रेस द्या.