ओपिनेल: साध्या दिसणाऱ्या चाकूतलं भारी डोकं

फोल्डिंग चाकू म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात, रामपुरी नाहीतर तो लाल स्विस नाईफ. पण खरं कौतुक व्हायला पाहिजे ते फ्रान्सच्या ओपिनेलचं, आणि मुंबईत त्याचं नावही फार कमी जणांना माहितीये.

आल्प्समधल्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो बनवला. लाकडी मूठ, एक पातं, एक रिव्हेट, एक स्टीलची कडी, संपलं! १९५५ मध्ये त्यावर व्हिरोब्लॉक नावाची फिरणारी रिंग आली आणि माझ्या मते खरी कमाल तिथेच आहे. रिंगला एक खाच असते, ती मुठीच्या खाचेसमोर आली की पातं उघडतं, मग रिंग जरा फिरवली की तिचा भरीव भाग पात्याच्या मागे येऊन बसतो आणि नेहमीच्या वापरात पातं बोटांवर मिटत नाही. छोट्या स्विस नाईफमध्ये पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभं असतं, इथे तो सगळा जोर स्टीलची रिंग थेट घेते. २००० पासून तर बंद चाकूही याच रिंगने लॉक करता येतो.

पातं बघा, आठ नंबरच्या मॉडेलमध्ये ८.५ सेंटीमीटर लांब आणि जाडी जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर. कापताना धार फक्त सुरुवात करते, पुढे दोन्ही बाजूंना ढकलायचं काम पात्याच्या जाडीला करावं लागतं. म्हणून जाड चाकूने गाजर किंवा कच्ची कैरी कापली की ती कट्‌कन फुटते, आणि ओपिनेलने पातळ, सरळ फोड निघते.

आता मुंबईच्या हवेचं काय? हा चाकू कार्बन स्टीलमध्येही मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. कार्बनवाल्यात साधारण ०.९ टक्के कार्बन असतो, धार लावायला एकदम सोपा, पण दमट खाऱ्या हवेत पुसून न ठेवल्यास गंज चढणारच. स्टेनलेसमधलं क्रोमियम ऑक्सिजनशी जोडून पात्यावर अतिशय पातळ थर तयार करतं आणि तो खरवडला तरी परत बनतो. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, मात्र मीठ त्या थरालाही पोखरतं, म्हणून तोसुद्धा धुऊन कोरडा करायचा.

मुठीची गंमत वेगळीच. ती बहुतेक वेळा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते आणि लाकूड हवेतली वाफ शोषून रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. जुलैत आपले दरवाजे घट्ट होतात तेच इथे होतं, खाच आवळते आणि पातं अडकतं. त्यात बीच सागवानापेक्षा साधारण दुप्पट फुगतं-आकसतं! यावर साव्हॉयवाल्यांची जुनी युक्ती आहे, रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्‌कन आपटायचं, मूठ थांबते पण पातं जडत्वामुळे हलत राहतं आणि खाचेतून थोडं वर येतं, मग नखाने धरून उघडायचं. पावसाळ्याआधी मुठीला जवसाचं तेल लावलं तर आणखी बरं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ओल आत जायचा वेग कमी करतं. खोबरेल नको, ते असं सुकत नाही.